ट्रेनिंग संपल्यावरच्या सोमवारी आम्ही कोणाला विचारायचं? (खुले पत्र)

प्रति,
शाळेत कॉम्प्युटर सायन्स आणायचं ठरवणारे, त्याचा अभ्यासक्रम लिहिणारे आणि आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग आखणारे सगळे

नमस्कार,

मी मूळची गणिताची बाई. कॉम्प्युटर सायन्स माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांकडे ते असंच येतं. टाइमटेबल लावताना माझे काही तास कमी भरत होते आणि "तुम्हाला एक्सेल येतं ना मॅडम" एवढ्या एका वाक्यावर अख्खा विषय माझ्या गळ्यात पडला. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटलंही नाही, नवीन काहीतरी शिकायला मिळतंय म्हणून मी खूषच होते. मग पाच दिवसांचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, ग्रुप फोटो निघाला आणि सोमवारी मी वर्गात उभी.

पहिला प्रोग्राम ठरलेला, दोन आकडे विचारायचे आणि बेरीज दाखवायची. एका मुलीनं ५ आणि ५ टाकले आणि स्क्रीनवर आलं ५५. "बाई, कॉम्प्युटर चुकला का?" मी कोड पाहिला, मला तर तो ट्रेनिंगमधल्यासारखाच दिसत होता. परत चालवला, परत ५५. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं उद्या सांगते, आणि रात्री नेटवर शोधत बसले तेव्हा कळलं की पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत इनपुटमधनं (म्हणजे आपण टाइप करतो त्यातनं) जे काही येतं ते टेक्स्ट म्हणून येतं, त्याच्या लेखी ते ५ म्हणजे एक अक्षर, आणि दोन अक्षरं प्लस केली की ती एकमेकांना चिकटतात. आधी त्याचं इंट, म्हणजे पूर्णांक, करून घ्यायचं, की झालं. ट्रेनिंगच्या कोडमध्ये ते इंट होतं. आम्ही सगळ्यांनी समोर बघून टाइप केलं होतं. पण ते तिथे कशासाठी आहे आणि लिहायचं राहिलं तर काय होतं हे कोणी बोललं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं, कारण कोड चालत होता ना.

तर हे पत्र त्या ५५ बद्दल आहे असं समजा.

ट्रेनिंग वाईट होतं असं मी म्हणणार नाही. शिकवणारे सर चांगले प्रोग्रामर होते, मनापासून सांगत होते. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर टाकणं, मग व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव), मग इफ-एल्स (अट खरी तर हे, नाहीतर ते), मग लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), चौथ्या दिवशी फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), पाचव्या दिवशी एक छोटा गेम. पाच दिवसांत त्यांनी आम्हाला पायथनची ओळख करून दिली हे कबूल. पण मला पायथन येणं आणि मला तेरा वर्षांच्या चाळीस मुलांना पायथन शिकवता येणं ह्या दोन गोष्टींमध्ये केवढं अंतर आहे हे त्या आखणीत कुठे दिसतच नव्हतं, जणू काही पहिली गोष्ट झाली की दुसरी आपोआप होते.

गणितात माझं कसं आहे बघा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश फळ्यावर लिहिलं की मुलाने तोंड उघडायच्या आधी मला माहीत असतं की कोणीतरी दोन पंचमांश म्हणणार, वरचे वर, खालचे खाली. ते तो का म्हणतो हेही माहीत असतं आणि त्याला कोणतं चित्र काढून दाखवलं की त्याचं त्यालाच पटतं की अर्ध्यात अजून काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल, हेही. हे मला डिग्रीत कोणी शिकवलं नाही. वर्षानुवर्षं वह्या तपासून आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंना विचारून विचारून आलंय. ली शुल्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली ह्याच गोष्टीला एक वेगळं नाव दिलं. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याचं सर्वसाधारण ज्ञान दुसरं, आणि हा विशिष्ट विषय मुलांना कुठे अडतो आणि तिथे काय करायचं हे त्यांच्या मधलं तिसरं ज्ञान. कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला पहिलं थोडंसं मिळतं, दुसरं आमच्याकडे आहे असं धरून चालतात आणि तिसऱ्याचं नावच कोणी काढत नाही.

आणि ते नवीन शोधायचंय असंही नाही हो. मुलं प्रोग्रामिंगमध्ये कुठे चुकतात ह्यावर लोक कित्येक दशकं काम करतायत. रॉय पी नावाच्या संशोधकाने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की नवशिक्यांच्या बऱ्याचशा चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, की कॉम्प्युटरच्या आत कोणीतरी शहाणं बसलंय आणि मला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. हे वाचलं तेव्हा मला माझा अर्धा वर्ग डोळ्यासमोर दिसला. व्हेरिएबलला 'सर्वात_मोठा' असं नाव दिलं की त्यात आपोआप सर्वात मोठा आकडा जाऊन बसेल असं मुलांना खरंच वाटतं. का वाटू नये, नाव तर तेच दिलंय ना.

अजून सांगते, कारण माझ्या मते ट्रेनिंगचा निम्मा वेळ ह्यातच जायला पाहिजे. एक्स = एक्स + १ हे गणित चांगलं असलेल्या मुलाला धडधडीत खोटं वाटतं, त्याने एक्स दोन्हीकडून उडवला तर शून्य बरोबर एक उरतं! त्याला सांगावं लागतं की इथे ते चिन्ह 'बरोबर' असं वाचायचंच नाही, उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या नावाखाली ठेव असं वाचायचं. (मी गणिताची असूनही हे मला स्वतःला सुचायला दोन महिने लागले, किंवा गणिताची असल्यामुळेच लागले असतील.) मग ए = ५, बी = ए, ए = ७ असं लिहून बी किती असं विचारा, वर्गातली बरीच मुलं ७ म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात ए आणि बी आता कायमचे बांधले गेलेत. रेंज (मोजणीची हद्द) १ ते १० लिहिल्यावर १० छापलाच जात नाही, ९ ला थांबतो, ह्याच्यावर तर एक पूर्ण तास भांडण झालंय माझ्या वर्गात. आणि व्हाइल लूप, म्हणजे अट खरी असेपर्यंत फिरणारा, मुलांना वाटतं की अट खोटी झाली त्याच क्षणी लूप सुटतो, जसं काही कोणी डोळ्यात तेल घालून बघत बसलंय, पण ती अट फक्त प्रत्येक फेरीच्या सुरवातीला तपासली जाते, मधल्या ओळी पूर्ण होतात, म्हणून शेवटचा एक आकडा जास्तीचा छापला जातो आणि मूल म्हणतं बाई माझा कोड बरोबर आहे पण कॉम्प्युटर ऐकत नाही.

अशा पंधरा-वीस ठळक चुका, त्या प्रत्येकीच्या मागचा मुलाचा विचार, आणि तो बाहेर काढायला फळ्यावर लिहायचा एक छोटा प्रश्न, एवढं एक पातळ बुकलेट मला पहिल्या दिवशी मिळालं असतं ना तर मी त्या गेमवर पाणी सोडलं असतं. गेम माझ्या वर्गात आजवर एकदाही झालेला नाही, वेळच पुरत नाही.

दुसरं, आम्हाला कोरी स्क्रीन देऊन 'आता तुम्ही लिहा' असं शिकवलं गेलं, मग आम्ही मुलांनाही तसंच शिकवतो. दोन-तीन हुशार मुलं लिहितात, बाकीची त्यांच्याकडे बघतात. भाषा शिकवताना आपण असं करतो का? आधी वाचायला शिकवतो, मग लिहायला. सू सेंटन्स ह्या संशोधक बाईंनी ह्यावर एक साधी पद्धत मांडलीय, प्रिम म्हणतात तिला. तयार प्रोग्राम द्यायचा, चालवायच्या आधी तो काय करेल त्याचा अंदाज मुलांनी बोलून दाखवायचा, मग चालवून बघायचा, मग आत शिरून ही ओळ काढली तर काय, हा आकडा बदलला तर काय असं खोदायचं, मग त्यातच थोडा बदल करायचा आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा लिहायचा. तसंच ते पार्सन्स प्रॉब्लेम, डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन ह्या दोघींनी २००६ मध्ये मांडलेले, ज्यात बरोबर कोडच्या ओळी कापून उलटसुलट करून देतात आणि मुलांनी त्या नीट लावायच्या. टायपिंग नाही, कोलन राहिला, स्पेस चुकली ही कटकट नाही, सगळं लक्ष क्रमावर. मी तर कागदाच्या पट्ट्या कापून देते, लाइट गेली तरी तास चालतो. जी मुलं स्क्रीनसमोर गप्प बसायची ती पट्ट्यांवर तावातावाने बोलायला लागली, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं आश्चर्य होतं.

आणि हे मला ट्रेनिंगमध्ये नाही, तिसऱ्या वर्षी योगायोगाने कळलं. तोवर दोन बॅचेस माझ्या हाताखालून गेल्या होत्या, त्या मुलांचं काय.

बिनकॉम्प्युटरचं शिकवणं हाही असाच प्रकार, आमच्याकडे त्याला कमीपणा समजतात. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या साथीदारांनी नव्वदच्या दशकात ह्याचे खेळ तयार केले, कार्डांवर १, २, ४, ८, १६ असे ठिपके काढून मुलांना ओळीत उभं करायचं आणि कार्ड उघडं-झाकलं करत ३१ पर्यंतचा कोणताही आकडा बनवायचा, बायनरी (कॉम्प्युटरची ० आणि १ ची पद्धत) पंधरा मिनिटांत कळते. जमिनीवर खडूने रेषा काढून मुलांनाच त्यावरून चालायला लावून सॉर्टिंगही (आकडे क्रमाने लावणं) करता येतं. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोरझाइग ह्यांनी लहान मुलांसाठी लोगो ही भाषा आणली होती, तिच्यातल्या कासवाला चौकोन काढायला कसं सांगायचं हे कळत नसेल तर मुलाने स्वतः कासव होऊन चालून बघायचं. वर्गात हे करायला मशीन लागत नाही, पण शिक्षकाला भीड सोडावी लागते, आणि ती ट्रेनिंगमध्ये एकदा स्वतः करून बघितल्याशिवाय सुटत नाही. आम्हा मोठ्यांना कोणी कासव व्हायला लावलंच नाही, प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवली.

लॅबबद्दल थोडक्यात, कारण रडगाणं होईल. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये प्रत्येकाला एक चालू मशीन असतं, शाळेत तीन मुलांत एक असतं आणि त्यातली काही बंद. सॉफ्टवेअर टाकायचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते महिन्यातून एकदा येतात. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं लॉगिनमध्ये जातात. मग ट्रेनिंगही तसंच घ्या ना! आम्हालाही तिघांत एक मशीन द्या आणि मुद्दाम दोन बंद ठेवा, म्हणजे एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने पुढची ओळ सांगायची आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलायची ही जोडीने कोड करायची शिस्त कशी लावायची हे तरी आम्हाला शिकवावंच लागेल तुम्हाला. आणि मशीन दुरुस्त करणं हे शिक्षकाचं काम नाही, त्यासाठी वेगळा माणूस लागतो, हे एकदाच सांगते आणि सोडते.

आता मुद्द्याचं. शाळेत गणिताचे आम्ही चौघं-पाच जण आहोत, अडलं तर स्टाफरूममध्ये मान वळवली की उत्तर मिळतं. कॉम्प्युटर सायन्सची मी एकटी. बहुतेक शाळांमध्ये हा विषय एकट्या माणसाचाच असतो. त्याला मान वळवायला कोणी नाही. तो चुकीचं शिकवत असेल तरी कोणाला कळणार नाही, त्याला स्वतःलाही नाही. पाच दिवसांच्या ट्रेनिंगने हा एकटेपणा जात नाही, उलट शेवटच्या दिवशी सगळे पांगले की जास्तच जाणवतो.

इंग्लंडचं उदाहरण मला म्हणून फार बोलकं वाटतं. तिथे २००८ मध्ये काही शिक्षक, विद्यापीठातले लोक आणि सॉफ्टवेअरमधले लोक एकत्र आले, सायमन पेटन जोन्स हे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ त्यांच्यात होते, आणि त्यांनी कॉम्प्युटिंग अॅट स्कूल नावाचा गट काढला, जागोजागी शिक्षकांनी भेटायचं, एकमेकांचे धडे वापरायचे, अडलेलं विचारायचं. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून जुना वर्ड-एक्सेल छापाचा विषय काढून पाच वर्षांच्या मुलांपासून कॉम्प्युटिंग लागू केलं. अभ्यासक्रम चांगला होता, जगभर त्याचं कौतुक झालं. पण तीनच वर्षांनी, २०१७ मध्ये, रॉयल सोसायटी ह्या तिथल्या विज्ञानाच्या संस्थेच्या अहवालात साफ लिहिलं गेलं की शिक्षकांना पुरेसा आधार मिळालेला नाही, ह्या विषयाच्या शिक्षणावरचा खर्च दहापट करा. त्यानंतर ८ कोटी ४० लाख पौंड मंजूर झाले, २०१८ मध्ये शिक्षकांसाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. म्हणजे आधी अभ्यासक्रम लागू, आणि शिक्षकांसाठी खरा पैसा चार वर्षांनी. एवढ्या श्रीमंत देशात हे झालं. ह्यातून तुम्हाला क्रम उलटा करायचा मोह व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

कोणी म्हणेल की आता एआय आलंय, कोड तोच लिहून देतो, मग एवढा आटापिटा कशाला. मला तर वाटतं आटापिटा वाढलाय. चॅटजीपीटी २०२२ च्या शेवटी आलं, त्याच्यानंतर माझ्याकडे येणारा गृहपाठ अचानक निर्दोष झाला. मुलगा असा कोड आणतो ज्यातल्या तीन गोष्टी मी वर्गात घेतलेल्याच नाहीत. मी आता गृहपाठाला मार्क देणंच बंद केलंय, फक्त एका ओळीवर बोट ठेवते आणि विचारते, ही काढली तर काय होईल? ज्याला कळलंय तो सांगतो, ज्याला नाही तो छताकडे बघतो. पण हा प्रश्न विचारायला आधी मला त्या ओळीचं उत्तर यायला हवं, नाही का. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला अनोळखी कोड वाचता येणं हे शिक्षकाचं पहिलं कौशल्य झालंय, आणि ट्रेनिंगमध्ये आम्ही एकदाही अनोळखी कोड वाचला नव्हता, फक्त सरांचा टाइप केला होता.

तर मागणं काय. पाच दिवस एकदम नकोत. दोन दिवस सुरवातीला घ्या, बाकीचे वर्षभर वाटून घ्या, महिन्यातून अर्धा दिवस, आसपासच्या शाळांमधल्या आम्ही आठ-दहा जणांनी एकत्र बसायचं, आपापल्या वर्गातल्या मुलांचा खराखुरा चुकलेला कोड घेऊन यायचं आणि त्यावर बोलायचं. तो अर्धा दिवस ड्यूटीत धरा, रविवारी नको आणि रात्री ऑनलाइन तर मुळीच नको, रात्री कॅमेरा बंद करून आम्ही पोळ्या लाटत ऐकतो हे तुम्हालाही माहीत आहे. ट्रेनरच्या जोडीला असा एक शिक्षक ठेवा जो आजही शाळेत शिकवतोय. वर्षातून दोनदा कोणीतरी माझ्या वर्गात येऊन मागे बसू दे, तपासणीला नाही, फॉर्म भरायला नाही, तास संपल्यावर चहा पीत सांगायला की मॅडम, तो तिसऱ्या रांगेतला मुलगा पूर्ण तास हरवलेला होता. आणि एक माणूस द्या ज्याला सोमवारी विचारता येईल. ॲप नको, पोर्टल नको, माणूस. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं तरी चालेल.

आणि ज्याला तुम्ही तयार केलंत त्याला पुढच्या वर्षी दुसरा विषय देऊ नका. हे हेडमास्तरांनाही सांगा. तीन वर्षं लागतात हा विषय अंगात मुरायला, दुसऱ्या वर्षी बदली केली की सगळं मुसळ केरात.

जाता जाता, मी सध्या कुठे अडलेय ते लिहिते, म्हणजे मी नेमकं कशाबद्दल बोलतेय ते कळेल. वर लिहिलं तसं ए = ५, बी = ए हे मी आता छान शिकवते, पट्ट्या, डबे (व्हेरिएबल म्हणजे डबा, किंमत म्हणजे त्यात ठेवलेली वस्तू), सगळं करून, ए बदलला तरी बी बदलत नाही हे वर्गाला पक्कं झालंय. मागच्या आठवड्यात एका मुलाने हेच लिस्ट घेऊन केलं. ए मध्ये तीन आकड्यांची लिस्ट, बी = ए, मग ए मध्ये चौथा आकडा टाकला आणि बी छापला. बी मध्येही चार आकडे! तो माझ्याकडे असा बघत होता जसं मी महिनाभर खोटं बोललेय. कारण मला माहीत आहे, इथे लिस्ट एकच असते आणि ए आणि बी ही तिची दोन नावं असतात, चौथा आकडा त्या एकाच लिस्टमध्ये गेला. पण मग माझा डब्यांचा सगळा डोलारा कोसळतो, कारण डब्यात तर मी वस्तू ठेवली होती आणि आता म्हणायचं की नाही, डब्यावर फक्त नावाची चिठ्ठी होती. पहिल्यापासून चिठ्ठीच शिकवायची का? मग सुरवातीच्या मुलांना ते जड जाईल का? की दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगायच्या?

हे कोणी वर्गात करून बघितलं असेल तर कळवा. गुरुवारी माझा त्या वर्गावर तास आहे.

आपली,
कॉम्प्युटर सायन्सची (आणि गणिताची) एक शिक्षिका